न केलेल्या खर्चाचा हिशोब

मासेमार ढिवरांच्या वस्तीतली, ढिवरटोलीची बायाबाई ग्रामपंचायतीत निवडून आली. आयुष्यभर आसगावच्या बाजारात मासे विकणारी बाई! उभी राहिली ती एकाच कारणासाठी. गावातला धानाचा व्यापारी राजकुमार दर उन्हाळ्यात मुरूम टाकून तलाव बुजवत होता, आपली बांधी, धानाचं शेत, वाढवत होता. तलाव गेला तर टोलीनं खायचं काय? "मेंबर झाली का तलावाची मोजणीच लावतो," असं घरोघर सांगून तिनं निवडणुकीत समोर उभ्या असलेल्या त्यालाच पाडलं.

मोजणीचा ठराव यायच्या आधी जिल्ह्याहून नोटीस आली. तक्रार राजकुमारची. निवडणुकीचा खर्च तिनं मुदतीत सादर केला नव्हता. सुनावणीला ती भंडाऱ्याला गेली आणि खरं ते बोलली.

"साहेब, मी खर्चच नाही केला. पायी फिरली. हिशोब कायचा देऊ?"

"शून्य असला तरी मुदतीत शून्य लिहून द्यायचा असतो, बाई. नाहीतर सदस्यत्व जातं." साहेब काही वाईट माणूस नव्हता.

"अन् राजकुमारसेठनं टोलीत बकरे कापले, ते?"

"त्यांचा हिशोब वेळेत आलाय. चहा आणि पत्रकं, एवढंच. चौकशी लावता येईल, पण साक्षीदार लागेल. जेवलेला एक तरी माणूस आणा."

आता सापडला मेला! बायाबाई टोलीत दारोदार फिरली. सुलोचनाबाईला अचानक कमी ऐकू यायला लागलं. भूपेशनं तर दारच लावून घेतलं. मटण ओरपताना लाज नव्हती, सांगताना बरी आली!

घरी नवरा, मंगरू, जाळं सांधत बसला होता. तिनं सगळा राग त्याच्यापुढं ओतला. "एक माणूस पाह्यजे होता, फक्त एक! तोबी नाही भेटला."

मंगरूनं मान वर केली नाही. "मीबी होतो ना वं त्या पंगतीत."

बायाबाईनं त्याच्या हातातलं जाळं ओढून बाजूला ठेवलं. म्हणाली, "मंग चाला. तुमीच सांगा साहेबाले."

"कसा सांगू? बायको उभी होती, अन् मी त्याचं मटण खाल्लो म्हणून? गाव थुंकंल माह्यावर."

तो गेला नाही. तिनंही पुन्हा म्हटलं नाही. हुकूम आला: बायाबाईचं सदस्यत्व रद्द, पाच वर्षं उभं राहता येणार नाही. पोटनिवडणुकीत राजकुमार बिनविरोध आला आणि टोलीपुढचा सगळा काठ त्यानं बुजवून टाकला.

यंदा तिथं पहिल्यांदा धान लागणार होतं. रोपं लावायला, रोवणीला, बाया कमी पडल्या, म्हणून सेठचा निरोप आला. घरात दाणा नव्हता. बायाबाईनं पदर खोचला आणि गेली.