मारोतीच्या वावरातला कंट्रोल

दोन थेंब पडले अन् गुलाबी रंग उडून गेला. मॅडमनं काचेची नळी बंद केली अन् माह्याकडे पाह्यलं.

"नामदेव, काय केलंत?"

"काही नाही केलं, मॅडम."

"खरं सांगा."

त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्या लॅबमंदी काही बिघडलं की पयले माह्यंच नाव निघे. माती सुकवायच्या ओव्हनमंदी मी एकडाव माहा डबा गरम केला होता. साऱ्या मातीले अंबाडीच्या भाजीचा वास लागला. मॅडमनं सारी फेकली. मी शाळेची पायरी चढलेला माणूस नाही, मले वाटलं ओव्हन म्हणजे चूलच.

वसुधा मॅडम हैदराबादच्या. घरचे मराठीच, पण आजोबापासून तिकडं नोकरीत. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याकडच्या आमच्या गावात त्या पीएचडीचं काम करून राह्यल्या होत्या. काम असं, का मातीत डोळ्याले न दिसणारे जीव असतात. ते पालापाचोळा, काड्या, शेण खातात अन् आपल्यासारखाच श्वास सोडतात. खाल्लेल्यातलं काही श्वासात उडून जाते, काही मातीतच मुरते. उडालेला कार्बन किती, मुरलेला किती, हे मॅडमले पाह्यचं होतं. बरणीत माती ठेवायची, त्याच बरणीत छोट्या बाटलीत कॉस्टिक सोड्याचं पाणी ठेवायचं, झाकण घट्ट लावायचं. जिवांचा श्वास त्या पाण्यात उतरते. मंग त्या पाण्यात रंगाचं औषध टाकून वरून अ‍ॅसिडचे थेंब सोडायचे. गुलाबी रंग लवकर उडाला म्हणजे श्वास जास्त. मी आता फडाफडा सांगून राह्यलो, पण समजाले मले दोन उन्हाळे लागले.

हा जास्तीचा श्वास निघाला कंट्रोलच्या मातीत. कंट्रोल म्हणजे ज्या तुकड्यात काहीच करायचं नाही. नांगर नाही, शेणखत नाही, युरिया नाही. बाकीच्या तुकड्यांचं माप त्याच्याशी लावायचं. तो बिघडला तं सारंच बिघडलं. मॅडमची फेलोशिप त्याच हंगामात संपत होती. हे शेवटचं रीडिंग, हे झालं की थीसिस.

"पुन्हा माती आणू," मॅडम म्हणाल्या.

आमी मारोतीच्या वावरात गेलो. मारोती कापूस अन् ज्वारी घ्यायचा. त्याच्या वावराचा एक पट्टा आमच्या माती तपासायच्या सेंटरनं प्रयोगाले घेतला होता. कंट्रोल त्यातलाच, ओसरीएवढा तुकडा, भोवती काटेरी तार. तार मीच ठोकली होती. ठोकताना मारोतीले मोठ्या रुबाबात सांगतलं होतं, "इथं आता नांगर लागत नाही. कुत्रं आत येत नाही. सरकारचा हुकूम हाय." हुकूम-बिकूम काही नव्हता. मी रोजंदारीवरचा, मले कोण हुकूम सांगते? पण गावात तेवढाच भाव मिळे.

तीन कोपरे टणक लागले. चौथ्यात गवत कमी, माती भुसभुशीत, वर बाभळीचे काटे.

"उंदरानं उकरलं असन," मी म्हणलं. मोठा जाणकार! मी ऑगर लावला, म्हणजे माती काढायचं मोठं गिरमिट, अन् एक आटा दिला.

"नामदेवभाऊ! थांब! थांब!"

मारोती कापसाच्या पऱ्हाटीतून धावत आला. तारेत धोतर अडकून टरकन फाटलं, त्यानं पाह्यलंही नाही. येऊन गिरमिटाची मूठच धरली.

"काऊन रे?" मी म्हणलं. "सरकारी कामात हात घालतं?"

"माहा पोरगा हाय तिथं."

मले कळलंच नाही. मी मान वळवून पाह्यलं, पोरगा कुठं दिसते काय. मॅडमले माह्या अगोदर कळलं. त्यांनी माहा हात गिरमिटावरून काढला.

अंगावर पिणारं लेकरू गेलं तं आमच्याकडं जाळत नाहीत, मातीत ठेवतात. मारोतीचा पोरगा ज्वरानं गेला होता, आदिलाबादले नेता नेता. सेंटरमंदी कोणाले पत्ता नव्हता. मीही पोळ्याले सोयऱ्याच्या घरी जाऊन खाऊन-पिऊन पडलो होतो.

"नाल्याच्या काठाले ठेवायचं ना," मी म्हणलं. "सारे तिथंच ठेवतात."

"पयली पोरगी तिथंच ठेवली व्हती. कोल्ह्यानं काढली." तो मॅडमकडे वळला. "बाई, नांगर नाही, कुत्रं नाही, अशी जागा आमच्या गावात दुसरी कोणती हाय? नामदेवभाऊनंच सांगतलं, सरकारचा हुकूम हाय म्हणून."

माह्या शब्दावर एवढा भरवसा जन्मात कोणी ठेवला नव्हता. बायकोनंही नाही.

"कधी ठेवलं?" मॅडमनं विचारलं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

मॅडमनं गिरमिट हळूच उपसलं. उकरलेली माती हातानं परत दाबली. तेवढ्यात मारोतीची बायको शेवंता आली. कापूस येचत होती, ओटीत कापूस तसाच. ती रडली नाही. मॅडमसमोर बसली अन् म्हणाली, "बाई, तुमी मातीचं शिकता म्हणे. माह्या लेकराले माती व्हाले किती दिवस लागतीन?"

पानाले किती, कडब्याले किती, हाडाले किती, हे मले मॅडमनंच शिकवलं होतं. त्यांचा विषयच तो.

"मला नाही माहीत, ताई," त्या म्हणाल्या.

त्यांले खोटं बोलताना मी तेवढा एकच डाव पाह्यलं.

बेल्याच्या पोस्टातून हैदराबादले ट्रंककॉल लावला. मॅडमच्या पीएचडीच्या गाईड सायेबाचा आवाज एवढा मोठा, का मले दारात ऐकू येत होता.

"वसुधा, तो कोपरा सोड. बाकीच्या तीन कोपऱ्यांचे रीडिंग टाक."

"सर, प्लॉट केवढासा आहे. वरून पाऊस पडून गेलाय, सगळीकडे झिरपलं असेल. तो कंट्रोल राहिलाच नाही."

"मग मागच्या वर्षीचं रीडिंग पुढे ओढ. कोण पाहायला येतंय?"

"मी पाहिलंय ना, सर."

"मग रिपीट कर. नवा कंट्रोल, दोन हंगाम. फेलोशिप वाढणार नाही, आधीच सांगतो."

मॅडमनं फोन ठेवला. लॅबमंदी येऊन कंट्रोलच्या बरण्या उघडल्या, त्यातली माती एका फडक्यात घेतली, अन् वावरात जाऊन त्या कोपऱ्यावर ठेवून आल्या. त्या बरण्या त्यांनी मले धुवू दिल्या नाहीत. स्वतः धुतल्या, लय वेळ धुतल्या.

रिपीट काही झालं नाही. मॅडम हैदराबादले बँकेत लागल्या. थीसिस राह्यला तो राह्यलाच. पुढच्या उन्हाळ्यात सेंटरनं मले तार काढाले पाठवलं, दुसऱ्या प्लॉटले पाह्यजे होती. मी खांब उपटत होतो तेव्हा मारोती वावराच्या धुऱ्यावर उभा होता. मी कोपऱ्याकडून सुरुवात करायचं टाळलं, पण शेवटी तिथं जावंच लागलं. मी गेल्यावर त्यानं बाभळीचे काटे तोडून आणले अन् साऱ्या तुकड्याभोवती रचले. आता तो नांगरताना तिथं बैल वळवते. त्याच्या कापसाच्या ओळी तेवढ्या जागी वाकड्या दिसतात.

त्यानंतर कितीतरी पीएचडीवाले आले. पडीक तुकडा दिसला की सायेब लोकाले वाटते, रिकामा हाय. मी आता पयले ज्याचं वावर त्या घरच्या बाईजवळ जाऊन विचारतो, इथं कोणाले ठेवलं तं नाही ना, मंगच प्लॉटची खुंटी ठोकतो. सायेब म्हणतात, नामदेव, अर्धा दिवस घालवला. मी म्हणतो, हो सायेब.