डॉक्युमेंटरीत हिरो कवा येणार?

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाकडं किस्से आपोआप साठतात, असं लोकांना वाटतं. साठतातच! पण माझ्याकडचे चांगले किस्से लग्नातले नाहीत. ते रविवारी सकाळच्या डॉक्युमेंटऱ्यांचे आहेत. कुणी म्हणालं, "एखादी चांगली डॉक्युमेंटरी सुचव की," तर मी नाव सांगायच्या आधी ती बघून उंब्रजात काय झालं ते सांगायला लागतो. बायको म्हणते, "अहो, त्यांनी फिल्म विचारलीय, गावाची खबर नाही!"

पण मला एकाशिवाय दुसरं सांगताच येत नाही, त्याला काय करू?

त्याचं असं झालं. उंब्रजला माझा फोटो स्टुडिओ. प्रोजेक्टर, मोठा पडदा, स्पीकर, सगळं लग्नांसाठी घेतलेलं. सराई संपली की धूळ खात पडायचं. हायस्कूलला भूगोल शिकवणारे कांबळे सर एकदा फोटो काढायला आले आणि म्हणाले, "तुमच्याकडं पडदा आहे, माझ्याकडं चांगल्या फिल्मची नावं आहेत. लोकांना दाखवूया की!" हायवेच्या कडेला मंगल कार्यालय आहे, त्याचे मालक उत्तमराव. त्यांनी जेवणाचा हॉल फुकट दिला. अट एकच, "लगीन नसंल तवाच हं!"

पहिल्या रविवारी आम्ही बर्फाच्या प्रदेशातली फिल्म लावली. एक म्हातारा शास्त्रज्ञ एकटाच तिथं राहतो आणि बर्फ किती वितळलं ते मोजतो. पहिल्या खुर्चीवर रिटायर्ड सुभेदार मोहिते. मिशी पिळलेली, पाठ ताठ. अर्धी फिल्म त्यांनी बघितली. मग न राहवून मोठ्यानं म्हणाले, "सर, हिरो कवा येणार?"

"आलाय की. तो म्हातारा."

सुभेदारांनी म्हाताऱ्याकडं नीट बघून घेतलं. "बरं. आन् व्हिलन?"

सर म्हणाले, "आपणच."

फिल्म संपली. सगळे उठले तरी सुभेदार बसलेलेच. जाताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या रविवारी आमच्या बाजूचा एखादा पिक्चर लावा."

*

मग मधमाश्यांची लागली. माश्या गेल्या तर फळं जातील, बी-बियाणं जाईल, कसं कसं होईल ते सगळं त्यात होतं. सुभेदार अस्वस्थ झाले. का ते मला नंतर कळलं. त्यांच्या मळ्यात चिंचेवर आग्यामोहोळ बसलं होतं आणि त्याच दुपारी ते जाळायला माणूस सांगितला होता!

चहा न घेताच ते निघाले. त्यांना मोटरसायकलवर मीच सोडलं. आम्ही पोचलो तर तो गडी पलिता पेटवून झाडाखाली उभा. सुभेदार गाडी थांबायच्या आत उतरले आणि ओरडले, "सीझफायर!"

गडी बिचारा घाबरून पलिता टाकून पळाला. पलिता विझवायला सुभेदार झाडाखाली गेले. धुरानं माश्या आधीच उठल्या होत्या. त्यांनी पहिल्या झटक्याला सुभेदारांना गाठलं. नाकावर, कानावर, कपाळावर!

दवाखान्यात इंजेक्शन घेताना चेहरा असा सुजलेला की मिशी कुठली आणि ओठ कुठला ते कळेना. मला हसूही येईना आणि दाबताही येईना. मी म्हणालो, "सुभेदार, तुम्ही त्यांना वाचवायला गेलात आणि त्यांनी तुम्हालाच फोडलं!"

तसल्या तोंडानंसुद्धा ते म्हणाले, "आरं, पिक्चर म्या बघितलाय. त्यास्नी कुठं बघितलाय!"

मोहोळ अजून आहे. पाहुणे आले की ते लांबनं दाखवतात.

*

आमच्यात नाना पवार आहेत. किराणा दुकान मुलाच्या ताब्यात दिलेलं, अंगानं भरलेले, स्वभावानं लोणी. हॉलचे दिवे मालवले की नाना झोपतात. आजवर एकही फिल्म त्यांनी पुरी बघितलेली नाही. पण बाजारपेठेत आमची सगळ्यात जास्त जाहिरात तेच करतात!

"रविवारी या. लय भारी असतंय. डोकं एकदम साफ हुतंय!"

त्यांच्या शब्दावर शिरवळच्या कंपनीत काम करणारा त्यांचा भाचा सुट्टीला आला आणि मामांबरोबर हॉलवर बसला. त्यानं जी फिल्म बघितली ती कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या मजुरांच्या झोपेवर होती. झोप मोडल्यानं माणसाचं काय काय बिघडतं, ते सगळं. भाचा परत कंपनीत जाऊन सहकाऱ्यांना बोलला, मंडळी साहेबांना भेटली आणि रात्रपाळीनंतर लगेच सकाळची पाळी लावायची पद्धत त्यांच्या विभागात बंद झाली. भाच्यानं मामांना फोन केला. "मामा, तुमच्यामुळं झालं बघा!"

नानांनी आम्हाला विचारलं, "कसला पिक्चर हुता वो त्यो?"

"झोपेवरचा."

नाना सात्त्विक चेहऱ्यानं म्हणाले, "मग त्यात मी काम केल्यालंच हाय."

*

कार्यालयाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख इंदूताई. त्या आधी फक्त चहा घेऊन यायच्या. समुद्रातल्या प्लास्टिकची फिल्म चालू होती, तेव्हा ट्रे हातात धरून दारातच थांबल्या. कासवाच्या पोटातून पिशवी निघाली आणि इंदूताई म्हणाल्या, "सर, आपली कृष्णा कुठं जाती?"

भूगोलाच्या मास्तरला असा प्रश्न म्हणजे पर्वणीच! सरांनी फिल्म थांबवली. कराड, सांगली, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र आणि शेवटी समुद्र, असं हवेत बोटानं काढून दाखवलं.

"म्हंजे आमी पुजेचं फुलं-हार पिशवीत घालून सोडतो, ते आंध्रात जातंय?"

"जाऊ शकतं की."

इंदूताईंनी ट्रे टेबलावर ठेवला. "आगं बया! तिकडच्या बाया आपल्याला काय म्हणत असतील!"

तेव्हापासून घाटावर कुणी पिशवी सोडताना दिसलं की त्या पर्यावरण वगैरे काही बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "सोड, सोड. आंध्रातल्या बाया तुला नावं ठेवतील." बाया पिशवी परत काखेत घेतात! घाटावर निर्माल्याला मोठा ड्रम आलाय, तो उत्तमरावांनी दिलाय. इंदूताईंनी मागितल्यावर त्यांना नाही म्हणता येत नाही. त्याचं कारण पुढं येतंच.

*

कर्णबधिर मुलांच्या शाळेवरची फिल्म लावली, त्या दिवशी मी घामाघूम झालो. चित्र दिसतंय, मुलं हातवारे करून बोलतायत, पण आवाज शून्य! मी स्पीकरची वायर बघितली, पिन काढून घातली, लॅपटॉप झाडला. मागनं लोक ओरडायला लागले, "आवाज! आवाज!"

तेवढ्यात कुणीतरी माझी बाही ओढली. तानाजी टेलर. बाजारपेठेत शिवणाचं दुकान आहे त्याचं. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. 'मुका' म्हणायचे आणि त्याला ऐकू येत नाही म्हणून त्याच्यासमोरच म्हणायचे.

तानाजीनं पडद्याकडं बोट केलं, कानावर हात ठेवला, मान हलवली आणि मला खुर्ची दाखवली. काही बिघडलेलं नाही, आवाज नाहीच, बस खाली!

खरंच होतं ते. ती फिल्म मुद्दामच तशी केलेली. मी बसलो, सगळे बसले. आणि मग वेगळीच गंमत सुरू झाली. पडद्यावरच्या पोरींनी हातांनी काहीतरी विनोद केला की तानाजी एकटा खदाखदा हसायचा आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघायचो. मग तो हातवारे करून, नाक मुरडून सांगायचा आणि हॉल हसायचा. त्या दिवशी अख्खं उंब्रज तानाजीच्या मागनं चालत होतं.

फिल्म संपल्यावर इंदूताई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि सरांना म्हणाल्या, "त्याला इचारा, 'चहा' कसा म्हणायचा?" तानाजीनं दाखवलं. मग 'साखर कमी' दाखवलं. मग 'अजून एक कप'.

आता आमच्याकडं चहा कुणी तोंडानं मागतच नाही. परवा एक नवीन पाहुणे आले होते. सगळा हॉल हातवारे करतोय आणि तानाजी आरामात बसलाय! ते माझ्या कानात म्हणाले, "ह्यातल्या कुणाला ऐकू येत नाही?"

मी म्हणालो, "आता सांगता येत नाही."

*

गटारात उतरून काम करणाऱ्या माणसांवरची फिल्म सरांनी निवडली तेव्हा काहींनी नाकं मुरडली. "रविवारी सकाळी असलं कशाला?" सर म्हणाले, "ती माणसं रविवारी सकाळीही उतरतात." एवढंच. त्या दिवशी ते खुर्चीवर बसले नाहीत, फिल्म संपेपर्यंत मागं भिंतीला टेकून उभे राहिले. टाकीतल्या वायूनं गेलेल्या माणसाची बायको बोलत होती. चहा तसाच गार झाला.

पुढच्याच आठवड्यात कार्यालयाची संडासाची टाकी तुंबली. दुसऱ्या दिवशी मोठं लग्न! उत्तमरावांनी नेहमीसारखा एका माणसाला निरोप धाडला. तो बादली-दोरी घेऊन आला, सदरा काढला आणि झाकणाकडं निघाला.

झाकणावर इंदूताई बसल्या होत्या. खुर्ची टाकून. मांडीवर परात, परातीत कोथिंबीर.

उत्तमराव म्हणाले, "ताई, उठा. त्याला उतरायचंय."

"न्हाई. मशीनची गाडी बोलवा."

"कराडास्नं गाडी कवा येणार? उद्या लगीन हाय!"

"मग लवकर फोन करा."

उत्तमरावांचा आवाज चढला. "तुमी नोकरीला हाय इथं, माहीत हाय न्हवं?"

मी कॅमेरे लावायला आलो होतो, तो बघतच राहिलो. निवडायचं काही इंदूताई थांबल्या नाहीत. "काढा कामावरनं. पर ही कोथिंबीर हुईस्तवर तरी बसू द्या."

उतरायला आलेला माणूस एकदा ह्यांच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत उभा. सदरा हातात.

शेवटी उत्तमराव हात जोडून म्हणाले, "आवं, पाहुणे यायला लागले. वास येईल की!"

"येऊ द्या. वासानं कोन मरत न्हाई."

उत्तमरावांनी बाजूला जाऊन फोन लावला. गाडी आली, काम झालं, लग्नही झालं. त्या माणसाला त्यांनी पंगतीत बसवून जेवायला घातलं. आणि पुढच्या रविवारी स्वतः हॉलमध्ये आले, मागं खुर्ची धरून बसले. तोवर ते कधीच बसले नव्हते, फक्त किल्ली द्यायचे.

*

आता शेवटचा.

सुभेदारांच्या बायकोला आम्ही हिराकाकी म्हणतो. त्या रविवारी यायच्या, पण दाराजवळ बसायच्या. फिल्म कशी वाटली विचारलं की सुभेदारच उत्तर द्यायचे, "तिला काय कळतंय त्यातलं!" काकी हसायच्या.

एकदा समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची फिल्म लावली. सत्तरीच्या बाया, दम धरून तळाला जातात आणि वर आल्यावर शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात. आणि दाराजवळनं काकींचा आवाज आला, "बरोबर हाय. श्वास असाच सोडायचा."

सुभेदार मागं वळून हसले. "तुला गं काय ठावं?"

काकी म्हणाल्या, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांचा मला फोन. आवाज चढलेला. "आरं, हिनं काय काढलंय बघ! लवकर मळ्यात ये."

मी कांबळे सरांना घेऊन गेलो. मळ्यात पायऱ्यांची जुनी विहीर, काळंशार पाणी. काकी काठावर उभ्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला, केस बांधलेले. माहेर त्यांचं पलूसकडचं, कृष्णाकाठचं, एवढंच मला माहीत होतं.

सुभेदार खाली पायरीवर हात पसरून उभे. "येडेपणा करू नगंस! वय काय तुझं? लय खोल हाय!"

काकींनी चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या. आणि उडी मारली!

पाणी उसळलं, मग शांत झालं. काकी वर येईनात. सुभेदारांनी एक पायरी खाली टाकली, मग दुसरी. "हिरा! ए हिरा!" उभ्या आयुष्यात त्यांना बायकोला नावानं हाक मारताना मी ऐकलं नव्हतं. सर सदऱ्याची बटणं काढायला लागले. सुभेदार माझा दंड धरून म्हणाले, "मला पोहता येत न्हाई रं!"

आणि विहिरीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात काकी वर आल्या. शीळ घातल्यासारखा श्वास सोडला. केस सुटलेले, तोंडभर हसू.

सुभेदार मटकन पायरीवर बसले. माझ्याकडं बघून विचारलं, "हिला पोहता येतं?"

"मला काय विचारता? लग्न तुमचं झालंय!"

काकींनी एक हात पाण्याबाहेर काढला. मुठीत काळा गाळ होता.

"आवं, तुमच्या मोटारीचा पाइप तळाला गाळात रुतलाय," त्या ओरडल्या. "म्हनून पाणी कमी येतंय. त्या वायरमनला उगंच शिव्या घालू नगासा. थांबा, आनी एकदा बघून येते!"

आणि परत बुडी मारली.