अक्कांचा अंगठा

काल मुलीच्या कॉलेजात रॅगिंगविरोधी हमीपत्रावर सही करताना मेसमधून रसमचा वास आला आणि मला माझं बेंगळुरूतलं पहिलं वर्ष आठवलं. सीनियर मुलींनी मला भर जेवणात बाकावर उभं करून नाचायला लावलं होतं. सगळ्या हसत होत्या. वाढणाऱ्या गौरम्मा अक्कांनी रसमची बादली खाली ठेवली, हात धरून मला उतरवलं आणि थेट वॉर्डनकडे नेलं.

“मी पाहिलंय, लिहून घ्या,” म्हणत त्यांनी तक्रारीखाली अंगठा उमटवला.

“अक्का, तुमची नोकरी गेली तर?” मी बाहेर येऊन विचारलं.

“आधी स्वल्प, थोडं तरी जेव.”

सुदैवाने नोकरी टिकली, रॅगिंग थांबलं. एकटीच्या पगारावर दोन मुलं वाढवणाऱ्या त्या बाईमुळे मी इंजिनीअर झाले.