शेवटच्या पानावरचं हसू

तोमोएबाई कुजिराई बावीस वर्षं पुरुषाच्या टोपणनावाने प्रौढांसाठीच्या कादंबऱ्या लिहीत होत्या. मी इगाराशी, त्या छापणाऱ्या टोकियोतल्या प्रकाशनात मुद्रितं तपासायचो. गोष्टीचा साचा ठरलेला. सरळमार्गी बाई, कधी शिक्षिका, कधी नर्स. कुणीतरी तिला पायरीपायरीने घसरवायचं, आणि शेवटच्या पानावर तिने हसून त्याचेच आभार मानायचे. का, तर म्हणे वाचकाला अपराधी वाटता कामा नये! बाई बिघडली म्हणायला सगळे पुढे, बिघडवणाऱ्याला बोलायची कुणाची टाप नाही. माझं डोकं फिरायचं, पण मी गुपचूप स्वल्पविराम तपासत बसायचो.

त्या वर्षीची नायिका ग्रंथपाल होती. तोमोएबाईंनी तिला हसवलंच नाही. ती पोलीस चौकीत जाते, त्या माणसाचं नाव सांगते, आणि पुस्तक संपतं. हाच शेवट राहू दे, एवढं एकच त्यांनी बावीस वर्षांत मागितलं.

संपादक हानावांनी मुद्रितावर पेन्सिलीने हसू आणि आभार लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह. आमच्याकडची रीतच तशी. संपादक पेन्सिलीने विचारतो, नको असेल तर लेखक काट मारतो, आणि त्या काटेला कुणी हात लावत नाही. तोमोएबाईंनी पेन्सिलीनेच कागद फाटेल अशी काट मारली.

पण पुस्तकाभोवती गुंडाळायची कागदी पट्टी आधीच छापून आली होती, आणि तिच्यावर ते हसू ठळक अक्षरांत होतं. हानावांनी माझ्यापुढे खोडरबर ठेवलं. एकच तर ओळ आहे, म्हणाले. सव्वीस वर्षांत मी लेखकाच्या अक्षराला हात लावला नव्हता. मी काट पुसली आणि हसू लाल शाईने पक्कं केलं.

पुस्तक आलं त्या दिवशी तोमोएबाई कचेरीत आल्या. हानावांकडे न जाता माझ्यासमोर बसल्या आणि शेवटचं पान उघडून ठेवलं.

"हे तू केलंस?"

"साहेबांनी सांगितलं, बाई. एकच ओळ होती."

"सुरुवातीला एकच असते रे. बावीस वर्षं दुसरं काय लिहिलं मी?" समोरच्या चहाला त्यांनी हात लावला नाही. "मग साहेब काय म्हणाले?"

पाठ थोपटली, असं मी सांगितलं.

"आणि तू काय केलंस?"

मी खुर्चीतून उठून वाकलो होतो, साहेबांचे आभार मानले होते, आणि हसलो होतो.