टँकरवरचे दोन कोस

गुरुबसप्पाचं लातुरात गोलाईच्या गोल बाजारपेठेजवळ भांड्यांचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक घागर घ्यायला आलं की घागर दाखवायच्या आधी तो आपली फजिती दाखवतो. "नांदेडहून लातूरला पायी आलेला माणूस बघितला का कधी? बघून घ्या," असं म्हणून तो गादीवरून उठायला बघतो. दुसऱ्या खेपेला उठणं जमतं. मग गिऱ्हाइकाच्या आधी तोच हसतो.

गोष्ट त्या दुष्काळातली. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, पाऊस तेवढा आला नाही. गुरुबसप्पाचं म्हणणं असं, की वाटणीत पाऊस उस्मानाबादच्या हिश्शाला गेला आणि आता मागायला गेलं तर ते ओळख देत नाहीत. रेणापूरच्या रस्त्याला ढोरांची छावणी पडली होती. दावणीला तीनशे ढोरं आणि कडबा जेमतेम पंधरा दिवसांचा. ही छावणी तिघा दोस्तांनी उभी केली होती. एक शिवमूर्ती, आडत दुकानदार. दुसरा साहेबराव, नव्या कलेक्टर कचेरीतला कारकून. तिसरा आपला गुरुबसप्पा. खरं सांगायचं तर मांडव घातला शिवमूर्तीनं, परवानग्या आणल्या साहेबरावानं आणि गुरुबसप्पानं भाषण केलं.

कडबा होता नांदेडच्या मलप्पाशेटकडं. विष्णुपुरीच्या अंगाला त्याची शेती, गंजीवर गंजी लागलेल्या. तिघं भाड्याची जीप करून मागायला गेले. मलप्पाशेट म्हातारा, तिरकस. त्यानं जीपकडं बघितलं आणि हसला.

"जिल्हा झाला तवापासून तुमी लातूरवाले लई मोठे झाले. ढोरांसाठी मागायला येऊन राहिले आन् जीपमंदी बसून येऊन राहिले. तुमची ढोरं छावणीला कशी आली? चालतच की न्हाई? मंग तुमी बी चाला. हितून लातूर. चाकावर बूड टेकायचं न्हाई. तिघं बी पोचले की तीन ट्रक कडबा फुकट."

शिवमूर्ती म्हणणार होता, दोन दिवस विचार करतो. त्याचं तोंड उघडेपर्यंत गुरुबसप्पाचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला होता. "ह्याला हात लावून सांगतो शेट. चाकावर बसलो तर लिंगायताच्या पोटचा न्हाई!"

लिंगायताघरी लिंगाला हात लावून दिलेला शब्द म्हणजे संपलं. त्याला मागं फिरणं नाही. म्हणून शहाणे व्यापारी बोलताना हात छातीपासून लांबच ठेवतात. गुरुबसप्पाचा हात मात्र त्याच्या जिभेच्या मागोमाग धावतो आणि त्याची जीभ कोणाच्याच मागं थांबत नाही. चालणं पुढच्या आठवड्यात ठरलं आणि तिघं जीपनंच परतले.

बायकोला, शिवकन्येला, हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आधी गोलाईला दोन येढे मारून दाखवा." तो निघाला. एक वेढा झाला, मग चहा झाला, मग भजी झाली. दुसरा वेढा राहिलाच.

पुढच्या सोमवारी तिघं नांदेडहून निघाले. लोह्यापर्यंत गुरुबसप्पा सगळ्यांच्या पुढं होता, तोंडानं. वाटेत जो भेटेल त्याला छावणीची हकिगत सांगायची, आपण किती चाललो ते सांगायचं आणि ते सांगता सांगता बसून घ्यायचं. साहेबराव लहानपणी शाळेसाठी रोज रेणापूरला चालत जायचा, त्याला ह्या चालण्याचं काही वाटत नव्हतं. शिवमूर्ती काटकुळा, त्याच्याकडं वाहून न्यायला फारसं काही नव्हतंच. अहमदपूर येईतो गुरुबसप्पाच्या दोन्ही टाचा फुटल्या, तळव्यांना फोड आले. चप्पल नवी घेतली होती, ऐटीत. ती त्यानं हातात घेतली. मग सडक तापली म्हणून पायात घातली. मग पुन्हा हातात. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस चप्पल विकायला निघालाय.

चाकूर सोडल्यावर शिवमूर्तीला आत्याची आठवण झाली. तिचं गाव आडवाटेला होतं. "आमी दोघं तिला भेटून शेतातून येतो. तू सडकेनं हळूहळू ये. पुढच्या वाडीच्या लिंबाखाली भेटू," असं सांगून दोघं वळले. गुरुबसप्पा एकटा उरला. वर ऊन, खाली डांबर आणि मागून आला पाण्याचा टँकर.

ड्रायव्हरनं गाडी हळू केली. "आप्पा, वाडीला चाललो. बसता का? आत जागा न्हाई, वर टाकीवर बसा."

गुरुबसप्पानं स्वतःशी बरीच घासाघीस केली. शब्द दिला तो चाकावर न बसण्याचा. ही टाकी. टाकी म्हणजे काही चाक नव्हे. चाकं खाली, आपण वर, मध्ये पाणी. हिशेब पटला, पण गळ्यातल्या लिंगाचं काय? मग त्यानं दोरा फिरवून लिंगाची चांदीची डबी पाठीवर घेतली, वर सदरा ओढला आणि चढला. अर्ध्या वाटेत त्याच्या ध्यानात आलं, की देवाचं तोंड आता नेमकं टाकीकडं आहे. तो दचकला, पण उतरला नाही. गार पत्र्यावर पाय इतके बरे वाटत होते!

वाडीच्या अलीकडं उतरून तो लंगडत लिंबाखाली जाऊन बसला. घटकाभरानं दोघं दोस्त आले आणि ह्याला बघून थबकले.

"आरं, तू? आमच्या आधी?" शिवमूर्ती म्हणाला.

"मनात आणलं की माणूस चालतो," गुरुबसप्पा म्हणाला.  साहेबराव ह्याच्या धोतराच्या ओल्या सोग्याकडं बघत होता.

तोवर वाडीतली माणसं जमली. ढोरांसाठी नांदेडहून चालत आलेले लोक म्हटल्यावर काही बोलायलाच नको. कोणी घोंगडी टाकली, कोणी गुळाचा खडा आणला. नागुबाई नावाची म्हातारी आत्ताच टँकरवर भरलेली घागर कडेवर घेऊन आली आणि सरळ गुरुबसप्पाच्या पायापाशी बसली. चालत आलेल्याचे पाय धुवायची रीत. तिनं घागर कलती केली. दोन दिवसांनी वाडीत आलेलं पाणी त्याच्या टाचांवरून मातीत जाऊ लागलं.

गुरुबसप्पानं पाय ओढून घेतले. "नको माय, नको! मी चालत आलो न्हाई. टाकीवर बसून आलो. दोन कोस बसून आलो!"

 शिवमूर्तीनं कपाळाला हात लावला. "गेले. तीनी ट्रक गेले."

नागुबाईनं त्याचा पाय धरून पुन्हा पुढं घेतला. "म्हाईत हाय की. उतरताना म्या बघितलं तुमाला. पाय भुईला टेकंना. म्हणून तर धुते. चांगल्या पायाचा मानूस कशाला टाकीवर चढल?"

आणि तिनं घागर संपेपर्यंत धुतले. फोडांवरची माती बोटांनी काढली. गुरुबसप्पाला कोणी चारचौघांत जोड्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं, असं झालं.

पाय धुऊन झाल्यावर साहेबराव म्हणाला, "ट्रक अजून कुटं गेले? जिथं चढलास तिथवर जायाचं आन् तिथून चालत यायाचं. ऊठ."

"मी एकटा जातो."

"एकटा गेलास तर परत टाकीवर बसून येशील. मी येतो."

चार कोस झाले ते, दोन जायचे, दोन यायचे. साहेबराव दहा पावलं मागून चालत होता, चोर कचेरीत आणावा तसा. डबी पुन्हा छातीवर आली होती. येताना शेवटचा अर्धा कोस गुरुबसप्पा कधी टाचेवर, कधी चवड्यावर चालला. कुठलीही शपथ न घेता, तोंडातून शब्द न काढता. साहेबराव सांगतो, हाच खरा चमत्कार.

लातूरला पोचल्यावर शिवमूर्तीच्या आडतीतून नांदेडला फोन लावला. गुरुबसप्पानं सगळं सांगितलं, टाकी, पाठीवर घेतलेली डबी, सगळं. सांगणं इतकं लांबलं, की मधल्या ऑपरेटरनं विचारलं, बोलणं झालं का?

"म्हंजी ठरल्यापेक्षा दोन कोस जास्तीच झाले तुझे," मलप्पाशेट शेवटी म्हणाला. "उद्या ट्रक निघतील. पण पुन्हा माझ्यासमोर त्या लिंगाला हात लावू नको बाबा. मला भ्या वाटतं."

कडबा आला. ढोरं जगली. एवढं सांगून गुरुबसप्पा पोट धरून हसतो, गिऱ्हाईकही हसतं, आणि मग घागर निघते.

एक गोष्ट तो दुकानात सांगत नाही. ती फक्त शिवकन्येला ठाऊक आहे.

चार कोस चालून तो दिवस मावळता वाडीत पोचला तेव्हा घशाला कोरड पडली होती. समोर नागुबाईचं दार. त्यानं पाणी मागितलं. "बसा आप्पा, आनते," म्हणून ती आत गेली. आत तांब्या घागरीच्या बुडाला घासल्याचा आवाज आला. जन्मभर भांडी विकलेला माणूस तो, रिकाम्या भांड्याचा आवाज त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग मागच्या दारानं ती शेजारणीकडं गेली. तिचं हळू बोलणं त्याला ऐकू आलं, "परवा टँकर आला की देते गं."

ती अर्धा तांब्या घेऊन आली आणि दोन्ही हातांनी पुढं केला. नको म्हणावं तर तिचा अपमान. प्यावं तर कुठल्या तोंडानं? गुरुबसप्पानं तो तांब्या घेतला. एक थेंब हनुवटीवर येऊ न देता, हळूहळू प्यायला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याला थांबवता आलं नाही.

नागुबाईला वाटलं, पाय दुखतायत. तिनं त्याच्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि विचारलं, "आनखी आनू का, आप्पा? लाजू नका."