पहिलं पान आधी

बाबा गेले त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी त्यांनी चहा घेतला, पेपर वाचला. दुपारी ते नव्हते.

तेरावं झाल्यावर आईने कपाटाचा खालचा खण उघडला. आत आमच्या लालबागच्या चाळीची हस्तलिखितं होती. गणपतीत दरवर्षी एक अंक निघे. प्रत एकच. ती रोज एका खोलीत मुक्कामाला जाई आणि दुसऱ्या दिवशी शेजारचं कोणीतरी हात धुऊन ती न्यायला येई. मजकूर सगळ्यांचा, अक्षर बाबांचं, चित्रं त्यांच्या मित्राची. हे काका गिरणी बंद पडल्यावर कणकवलीकडे गावी राहायला गेले. पाय मोडल्यामुळे त्यांना बाबांच्या दिवसांनाही येता आलं नाही. फोनवर एवढंच म्हणाले, "गो, ते अंक एकदा बघूक मिळतीत काय माका?"

प्रत पोस्टाने पाठवायचा धीर होईना. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे पानं स्कॅन करायला अडचण नव्हती. पण तिथल्या संगणकावर नवं काही बसवायची परवानगी नाही. ब्राउझर मात्र होता. तेव्हा ब्राउझरमध्येच चालेल असा थोडा कोड जुळवला: एका बाजूने पानांची चित्रं टाकायची, दुसऱ्या बाजूने पीडीएफ निघायची. पहिला अंक तयार झाला तेव्हा मी तो दोनदा उघडून पाहिला आणि काकांना लिंक पाठवली.

"नुसती चकती फिरता," काका म्हणाले.

त्यांच्या घरी नेटवर्क अंगणातल्या फणसाखाली येतं, तेही जेमतेम. मी वाचत बसले. कळलं ते असं, की साध्या पीडीएफची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. शेवट हाती येईपर्यंत पहिलं पान कुठे आहे हे फोनला समजत नाही. पण अनुक्रमणिका आणि पहिलं पान आधी येईल, बाकीची पानं मागून लागतील तशी येतील, अशीही फाइल रचता येते. पुस्तकांत वाढलेल्या माणसाला हे लगेच पटलं. रचायला मात्र दोन आठवडे गेले.

आई म्हणाली, "एक अंक काढायला त्यांना या गणपतीपासून त्या गणपतीपर्यंत लागायचं. तू त्यांच्यावरच गेलीस."

नवी फाइल पाठवली. काकांचा फोन आला.

"फिरता गो अजून. आता माका चक्कर येतली."

मी फाइलमधलं एकेक पान तपासलं. अंकाची पानं मी हलकी केली होती, अक्षर वाचता येईल इतपत. पण अंकाच्या आधी मी स्वतः एक पान जोडलं होतं: बाबांचा फोटो, हार घातलेला. तो मी हलका केला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यातलं काही कमी करायला हात धजावला नव्हता. तो एक फोटो बाकीच्या सगळ्या पानांहून जड होता, आणि मी तो दारातच ठेवला होता.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "त्यांनी कधी पहिल्या पानावर स्वतःचं नाव तरी घातलं का? शेवटी लिहायचे, बारीक अक्षरात."

मी फोटो लहान केला आणि शेवटच्या पानावर नेला. आता पहिलं पान म्हणजे मुखपृष्ठ, काकांनी काढलेलं: मोदकाचं ताट आणि त्याकडे बघणारी चाळीतली मांजर.

लिंक पाठवून मी फोन कानाशी धरला. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"इला गो! पान इला!" मग ते हसायला लागले. "मांजराक पाय पाच काढलंय मी. तुझ्या बापाशीन तेव्हा सांगलेलान, मी मानूक नाय."

मी मोजले. पाचच होते.

आता काका रोज सकाळी एक पान उघडतात. फोटोपर्यंत पोचायला त्यांना अजून आठवडा लागेल. त्यांना घाई नाही. खणात सहा अंक स्कॅन व्हायचे राहिले आहेत.