खुर्च्या आनाले गेलो अन् संप मोडून आलो

राजेहो, सांगू का नको सांगू, असं चार मयन्यांपासून चालू हाये माहं. आज तुमी इचारलंच, तं बसा. अन् अजून एक एक चहा सांगा, कारन हे एका चहात संपत नाई.

आता चूक कोन नाई करत? मी साळ्याच्या लग्नात भलत्याच नवरदेवाच्या वरातीत अर्धा घंटा नाचलेला मानूस हाये! पन ते हसन्यावारी जाते. हे जे सांगून राहिलो ना, हेबी हसाले येते, मंग हसता हसता घशात अटकते.

गाव अकोल्याहून अमरावतीले जातानी मधात लागते. नाव सांगत नाई. पोटापान्याचा सवाल हाये.

मी नगरपालिकेच्या घंटागाडीचा डायवर. बारा गाड्या, बारा डायवर अन् आमची एक लहानशी संघटना. अध्यक्ष वहाबभाई. झाडू मारनारे, नाल्या काढनारे, त्यायची संघटना निराळी. तिची पुढारी पुष्पाबाई. तीस वर्स झाडू धरलेली बाई, आवाज असा का माह्या गाडीच्या भोंग्याले लाज यावी.

झालं काय, बाजारामागचं चेंबर तुंबलं. ते काढाले सफाईवाल्यायतल्या दिलीपले पाठवलं. माह्याच गाडीत बसून गेलता तो, माह्या बाजूले. रस्त्यानं म्हने, "सुधाकरभाऊ, पोरीची बारावी हाये औंदा." कमरेले दोर बांधला अन् उतरवला. मास्क नाई, मशीन नाई, काईच नाई. मी समोरच्या टपरीवर सुपारी घेऊन राहिलो होतो. पाच मिनटं, जास्त नाई. वापस आलो तं चार जन दोर ओढून राहिले होते, अन् दोराले नुसतंच वजन.

असं.

दुसऱ्या दिवशी सफाईवाल्यायनं झाडू ठेवले. मागन्या दोनच. मानूस चेंबरात उतरवाचा नाई, मशीन आना. अन् दिलीपच्या बायकोले, संगीताले, त्याच्या जागेवर घ्या. ऑफिसासमोर बसून कोन पाह्यते? म्हनून पुष्पाबाईनं बाया-मानसं आनून बसवली थेट आमच्या डेपोच्या फाटकात. आडवा बाक टाकला अन् म्हने, "डायवरभाऊहो, आमी तुमाले अडवत नाई. आमच्या अंगावरून गाडी न्यायची असंन तं न्या."

आता सांगा, याले अडवनं नाई म्हनत तं काय म्हनते?

डेपोतल्या लिंबाखाली आमची सभा बसली. गजानन नावाचा आमचा एक डायवर हाये, तो पयलेच उठला. "आपला काय संबंध बे? मेला तो त्यायचा मानूस. भिताडावर नोटीस पाह्यली काय? गाडी नाई काढली तं दुसरा डायवर घेतो म्हने सायेब."

वहाबभाई म्हने, "गजानन, पिछले साल अपना संप था, तब इन लोगां ने दो दिन झाडू रखे थे. भूल गया क्या?"

"दोनच दिवस ना!"

"तू कितने दिन भूखा रहा था?"

गजानननं खाली पाह्यलं. पन बाकीचेबी खालीच पाहून राहिले होते. कोनाच्या घरी म्हतारी बिमार, कोनाची नोकरी करारावर. भेव कोनाले नाई? वहाबभाईलेबी होतं, दिसून राहिलं होतं.

अन् मंग कोन उठलं? मी! राजेहो, मी जिंदगीत कदी भाषन नाई देलं. पन तवा काय संचारलं का मालूम. मी म्हनलं, "ज्या दोरानं दिलीपले वर काढलं तो दोर माह्या गाडीत पडून हाये. त्या गाडीत मी कचरा कसा भरू? पुष्पाबाई सोता येऊन 'मिटलं' म्हनत नाई, तवरक एकबी चाबी फिरनार नाई! फिरवनारा मानूस नाई, जनावर!"

हे शब्द ध्यानात ठेवा. जनावर. माहेच शब्द.

आठ हात वर झाले. चार खालीच राह्यले, पन ते चौघंबी म्हनले, ठरलं तं ठरलं. गजानननं जातानी माह्या पाठीवर हात ठेवला. "तुह्या भरवशावर बसून राहिलो बरं सुधाकर."

दोन दिवस एक गाडी हालली नाई. गावात असा वास सुटला का कुत्रेबी तोंड फिरवून जात. सायेबानं पुष्पाबाईले चर्चेले बलावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हने, "सुधाकर, गाडं वळनावर आलं. अजून दोन दिवस, मशीन येते पाह्य." तिचा चेहरा मी पयल्यांदाच हसरा पाह्यला.

मंग म्हने, "आज संगीता येऊन बसनार हाये फाटकात. मी तिले घ्याले जातो. तिले असं मातीत बसवनं बरं नाई दिसत. मोठी मानसं भेटाले येतीन. दहा-पंधरा खुर्च्या पायजे होत्या मंडप-बिछायतवाल्याकडून. पन आटोवाला कोनी येत नाई, वासानं."

मी म्हनलं, "मी आनतो ना!"

"कायनं?"

"गाडीनं."

"गाडीनं?" तिनं माह्याकडं असं पाह्यलं.

"कचरा थोडीच उचलून राहिलो, पुष्पाबाई? संपाच्याच कामाले चाललो. धुऊन घेतो, फिनेल मारतो."

तिनं इचार केला. बाक आपल्या हातानं बाजूले सारला. "जाय, पन लवकर ये." अन् ती गेली संगीताकडं. मी गाडी घासूनपुसून लखलखीत केली. तो दोर काढून खोलीत ठेवला. बायायनं मले वाट देली. एक म्हतारी तं म्हने, "देव भलं करो बाबा तुहं."

मी चाबी फिरवली.

आता तुमी हुशार मानसं, तुमाले समजलंच असंन. आमच्या गाडीचा भोंगा चाबीवर हाये! चाबी फिरली का टेप चालू. बटन होतं कदीकाळी, ते तुटलं. मी गाडी रस्त्यावर काढली अन् गावभर आवाज गेला, "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा!"

मी बंद कराले गेलो, होते कायले? वायर ओढली तं अजून मोठ्यानं वाजाले लागला.

अन् दरवाजे उघडले ना, राजेहो! तीन दिवसांचा कचरा घरात साचलेला. बाया बकेटा घेऊन धावल्या, मानसं धावले, एक जन तं अंगाले साबन लागलेला आला!

मी डोकं बाहेर काढून वरडलो, "ताई, संप हाये! कचरा नाई घेत मी!"

"मंग भोंगा कायले वाजवून राहिला?"

"तो आपोआप वाजून राहिला!"

"मंग आपोआपच घे!" अन् ओतली बकेट.

वेग वाढवावा तं गल्ली अरुंद. थांबावं तं बकेटा. दोन मोहल्ले पार करून बिछायतवाल्याच्या दुकानापुढं आलो तवा गाडी अर्धी भरलेली. त्यानं नाकाले रुमाल लावला. "सुधाकरभाऊ, माह्या खुर्च्या लग्नाच्या हायेत."

मी वापस फिरनार, तेवढ्यात फोन वाजला. वहाबभाई.

"मुबारक हो सुधाकरभाई! कब मिटा? मेरे को किसी ने बताया नई!"

"काय मिटलं?"

"संप! मैं मोर्शी में हूं, भानजी के घर. गजानन का फोन आया, बोला सुधाकर की गाडी निकल गई, सब निकल रहे."

मी भोंग्याहून मोठ्यानं वरडलो, "सब कोन निकल रहे?"

"अरे, सब! ग्यारा की ग्यारा! मेरी भी, बदली डायवर लेके गया!"

आता समजा तिकडं काय झालं असंन ते. डायवर लोक चौकात चहा पेऊन राहिले होते. माहा भोंगा आयकला. ज्या मानसानं जनावर म्हनलं त्याचीच गाडी भर बाजारातून वाजत चाललेली! गजानन म्हने, "सुधाकर निघाला म्हनजे मिटलंच. तो काई उगाच चाबी फिरवनार नाई." असा भरवसा होता पाहा माह्यावर! धावत डेपोत आले. फाटकात पाह्यतात तं बाक बाजूले सारलेला. बायाईले इचारलं, "मिटलं ना?" पुष्पाबाई जागेवर नाई, खुर्च्यायचं तिनं कोनाले सांगतलं नोतं; बायाईले वाटलं पुढाऱ्यायचं झालं असंन, आपल्याले मंग सांगतीन. म्हनल्या, "असंन बाबा." अन् हटल्या.

मी डेपोत पोचलो तं डेपो रिकामा. अकरा तेलाचे डाग नुसते.

सायेब येऊन उभे होते. सोबत ठेकेदारानं आनलेले बाहेरचे मजूर, पाट्या-फावडे घेऊन. फोटोवाला होता. सायेब हसून म्हने, "या सुधाकर! शेवटी कामाची जाण असणारा माणूस असतोच कुठेतरी."

"सायेब, मी खुर्च्या आनाले गेलतो."

त्याईनं माह्या गाडीत पाह्यलं. वरतून केळीचे सालटे लोंबकळत होते.

तेवढ्यात पुष्पाबाई आली. संगीता सोबत. पुष्पाबाईनं पयले रिकामा डेपो पाह्यला, मंग माही गाडी, मंग मले. मले वाटलं शिव्या देईन. देव शप्पत, मी शिव्यायची वाट पाहून राहिलो होतो. तिनं बाक उचलून पुन्हा आडवा ठेवला अन् त्याच्यावर बसली. समोरून गाड्या येऊन-जाऊन राहिल्या होत्या तरी.

संगीता माह्यापाशी आली. "भाऊ, तुमी माह्यासाठी खुर्च्या आनाले गेलते म्हने."

"हाव, ताई."

"मले बसता येते ना खाली."

अन् बसली ती. मातीत.

वहाबभाई मोर्शीहून घामाघूम आले. सांजेले पुन्हा सभा घेतली त्याच लिंबाखाली. म्हने, "गलती हुई, सुधार लो. कल से चाबी बंद." मी तं हात जोडले सगळ्याईपुढं. पन सायेबानं दुपारीच सांगतलं होतं, आज जे कामावर आले ते सुरक्षित. आता जो परत बसंन त्याचं नाव पयलं.

वहाबभाई म्हने, "हात वर."

माहा वर. त्यायचा वर. बस.

मी गजाननकडं पाह्यलं. तो म्हने, "सुधाकर, एकडाव चुकून निघालो तं निघालो. आता कोनत्या तोंडानं बसू? अन् खरं सांगू? निघालो तवा जीव हलका झालता." त्याच्या डोळ्यांत पानी होतं.  चार जनाईनं तं माह्याकडं पाह्यलंच नाई.

संप अजून दोन दिवस चालला, नावाले. मंग कागद भेटला, 'मागण्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.' तो इचार अजून चालूच हाये. मशीन आली नाई. संगीता पोरीले घेऊन पातूरकडं भावाकडं गेली. पोरगी बारावी पास झाली म्हनतात, कोनीतरी सांगतलं.

मले वाटलं, संपलं. पन नाई ना बाप्पा!

मागच्या मयन्यात ऑफिसातून चिठ्ठी आली. सत्कार! 'संपकाळात सर्वप्रथम वाहन बाहेर काढून नागरिकांची सेवा केल्याबद्दल.' शाल, नारळ, फ्रेम केलेला कागद. बायको म्हने, "जाऊ नोका." मी म्हनलं, "जातो ना! मायकावर जातो अन् समद्यायपुढं सांगतो, का मी सेवा नाई केली, मी खुर्च्या आनाले गेलतो, अन् तुमी लोकायनं एक मानूस मारला." रातभर पाठ केलं. शब्द न् शब्द.

हॉल भरलेला. पुढं नगरसेवक, मधात आमचे डायवर, मांगं भिताडाले टेकून सफाईवाल्या बाया. त्यात पुष्पाबाई. सायेबानं शाल टाकली, नारळ देला अन् मायक माह्या तोंडापुढं धरला. "बोला सुधाकर, दोन शब्द."

मी पुष्पाबाईकडं पाह्यलं. ती पाहून राहिली होती.  सायेबाचा हात माह्या खांद्यावर. पाठ केलेलं समदं गेलं कुठं तं मालूम नाई.

अन् राजेहो, एवढ्या भरल्या हॉलात, खड्या आवाजात मी म्हनलो, "थँक्यू सायेब, पुढंबी अशीच सेवा करत राईन!"